नऊबाई आणि बाहेरचा पत्ता

नऊबाईंचा राग चढला की त्यांचा आवाज खाली यायचा. कारखान्यात हे सगळ्यांना ठाऊक होतं. मोठमोठे साहेब तावातावानं फोन उचलायचे, आणि पलीकडून नेहमीपेक्षा हळू आवाजात "बोला" ऐकू आलं की अर्धं वाक्य गिळून टाकायचे.

त्या कारखान्याच्या टेलिफोन बोर्डावर त्यांनी उभी हयात काढली. कुठल्याही टेबलावरून नऊ फिरवला की त्या लागायच्या, म्हणून नऊबाई. जन्मापासून त्यांना दिसत नव्हतं. पण आतलं कोणतं टेबल कोणत्या एक्स्टेन्शनवर, कोण कधी जागेवर असतो, कोण असून नसतो, हे सगळं डोक्यात पक्कं. बाहेरच्या जगाला कारखान्याचा एकच नंबर माहीत होता. आलेला आवाज आत कुणाकडे पाठवायचा, हे नऊबाई ठरवायच्या.

मग एका वर्षी बोर्ड गेला आणि यंत्र आलं. "खरेदी विभागासाठी एक दाबा" असं म्हणणारं, कधी न दमणारं. निरोपाच्या कार्यक्रमात नऊबाईंना मनगटी घड्याळ दिलं. काट्यांचं, वर काच असलेलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. नऊबाईंनी काचेवरून बोट फिरवलं, काट्यांना हात लावायची काही सोय आहे का ते पाहिलं, आणि डबी तिथंच टेबलावर ठेवून त्या घरी आल्या.

घरी धाकटा भाऊ आणि भावजय. भाऊ औषधांच्या गोदामात कामाला, भावजय दुपारची एका लॉन्ड्रीच्या काउंटरवर बसायची. दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, त्यातली आतली खोली नऊबाईंची. सकाळी भांडी आवरली की भावजय त्यांना पेपर वाचून दाखवायची. सुरुवातीला कर्तव्य म्हणून, मग सवय म्हणून, आणि पुढं तिलाच त्यात गोडी लागली. तिचं वाचन चांगलं होतं. बातमी वाचताना मध्येच "काय माणसं असतात" असं पुटपुटायची, तेही ऐकायला बरं वाटायचं.

नऊबाईंच्या अंधशाळेतल्या जुन्या मैत्रिणी हे फोनवरून ऐकायला लागल्या. एकीचे चार झाले, चाराचे बरेच झाले. तेव्हा नऊबाईंनी एक छोटा कॉम्प्युटर घेतला. पडद्यावरचं वाचून दाखवणारा त्यातला आवाज त्यांनी इतका जलद ठेवला होता की शेजारी बसलेल्याला नुसती भुणभुण ऐकू यावी. भावजयीचं वाचन त्यावर रेकॉर्ड करायचं आणि ऐकणाऱ्यांनी आपापल्या गावातून, आपापल्या फोनवरून तिथं येऊन ऐकायचं, अशी व्यवस्था त्यांनी चुकतमाकत उभी केली. आधी एका फुकटच्या संकेतस्थळावर ठेवून पाहिलं होतं. तिथं निधनवार्तेच्या मध्येच केसांच्या तेलाची जाहिरात वाजायची, आणि एक दिवस ते संकेतस्थळच न सांगता बंद पडलं. तेव्हापासून दुसऱ्याच्या ओट्यावर दुकान मांडायचं नाही, हे त्यांनी ठरवून टाकलं.

ही सगळी रचना त्यांना फार लवकर कळली, कारण ती त्यांच्या बोर्डासारखीच होती. घराला बाहेरून एक पत्ता, इंटरनेटवाल्या कंपनीनं दिलेला. आत प्रत्येक यंत्राला वेगळा पत्ता, तो घरापुरता. मध्ये राउटर. बाहेरून कुणी पेपर ऐकायला आलं तर त्याला आतल्या कॉम्प्युटरकडे जोडून दे, एवढं राउटरला एकदा सांगून ठेवायचं. बस्स. एक्स्टेन्शनच की.

आणि एका सकाळी मास्तरांचा फोन आला. मास्तर म्हणजे दुसऱ्या गावातले निवृत्त संगीतशिक्षक, तेही अंध, नऊबाईंचे सगळ्यांत नियमित आणि सगळ्यांत कुरकुरे श्रोते.

"बाई, आज पेपर नाही का?"

"आहे की. मघाशीच टाकलाय."

"इथं काहीच लागत नाही. नुसतं थांबतं आणि मग म्हणतं, जोडता आलं नाही."

नऊबाईंनी आतल्या पत्त्यावर जाऊन पाहिलं. भावजयीचा आवाज खणखणीत वाजत होता. म्हणजे कॉम्प्युटर ठीक. मग त्यांना वाटलं, बाहेरचा पत्ता बदलला असेल. राउटर बंद होऊन चालू झाला की कधीकधी बदलायचा. बाहेरून आपला पत्ता काय दिसतो ते सांगणारं एक संकेतस्थळ होतं, तिथं जाऊन त्यांनी पाहिलं. खरंच बदलला होता. त्यांनी नवा पत्ता मास्तरांना दिला.

"लावा आता."

"लावला. तेच म्हणतोय."

तेवढ्यात इतरांचे फोन सुरू झाले. नऊबाईंनी राउटर चाचपला. वरून गरम होता, नेहमीसारखा. कुठली वायर कुठली हे कळावं म्हणून त्यांनी प्रत्येक वायरीला दोऱ्याच्या वेगवेगळ्या गाठी बांधल्या होत्या. त्यातल्या दोन वायरी आपापल्या जागा सोडून एकमेकींच्या जागी बसल्या होत्या. नऊबाईंचा आवाज खाली आला.

"इथं कुणी हात लावला?"

भावजय स्वयंपाकघरातून म्हणाली, "काल धूळ पुसली मी. वायरी काढल्या होत्या, पण परत लावल्या, वन्सं. चालू झालं होतं सगळं."

"परत लावल्या. कशा लावल्या? तुला कळतं त्यातलं काही?"

"नेट तर चालतंय."

"तुझा व्हिडिओ चालतो म्हणजे नेट चालतं होय? तिकडं माणसं सकाळपासून ताटकळलीत. तुला काय, पुसायला मिळालं की झालं."

त्यांनी वायरी जागच्या जागी लावल्या. राउटरची सगळी जोडणी पुसून पुन्हा पहिल्यापासून लिहिली. त्यात सकाळ गेली. तरी मास्तरांच्याकडे तेच. आणि प्रत्येक वेळी जमलं नाही की त्या भावजयीला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणायच्या, "लोकांना धड हात सांभाळता येत नाहीत."

दुपारी लॉन्ड्रीला निघताना भावजय दारात थांबली. "उद्यापासून पेपर दुसऱ्या कुणाकडून वाचून घ्या," ती म्हणाली आणि गेली.

नऊबाईंनी हेल्पलाइनला फोन लावला. बराच वेळ गाणं वाजलं, मग एक मुलगी आली.

"मॅडम, राउटरवरचा दिवा लाल आहे की हिरवा?"

"मला दिसत नाही."

"जरा जवळ जाऊन बघा ना."

"जवळ जाऊनही दिसत नाही. मी आंधळी आहे."

पलीकडे कीबोर्डच्या कळा वाजल्या. "ठीक आहे, मॅडम. मग घरात दुसरं कुणी आहे का, दिवा बघायला?"

"दिव्याचं राहू दे. इंटरनेट चालू आहे. मला बाहेर जाता येतं, बाहेरच्यांना आत येता येत नाही. कालपर्यंत येत होतं."

"इंटरनेट चालू आहे ना, मॅडम? मग प्रॉब्लेम काय आहे?"

नऊबाईंनी पुन्हा सांगितलं. मुलीनं पुन्हा दिव्याचं विचारलं. तिच्यासमोर लिहून ठेवलेलं जे होतं त्यात दिव्याच्या उत्तराशिवाय पुढं जाता येत नसावं. शेवटी नऊबाई म्हणाल्या, "निळा." निळा दिवा तिच्या यादीत नव्हता. तेव्हा माणूस पाठवायचं ठरलं.

माणूस दुसऱ्या दिवशी आला. खांद्यावर वायरीचं वेटोळं, बुटांचा कचकच आवाज. काही न बोलता त्यानं थेट राउटर उचलला.

"हात लावण्याआधी सांगत जा," नऊबाई म्हणाल्या.

"बघतोय फक्त." त्यानं आपला मोबाइल घरच्या वायफायला जोडला. "सांगा तुमचा बाहेरचा पत्ता." त्यांनी सांगितला. त्यानं तो टाकून पाहिला. "नाही उघडत. तुमच्या कॉम्प्युटरमध्येच घोळ आहे."

"घरात बसून बाहेरचा पत्ता लावला तर या राउटरवर तो कधीच उघडत नाही. कॉम्प्युटर धड होता तेव्हाही उघडत नव्हता. स्वतःच्या फोनवरून स्वतःचाच नंबर लावला तर काय होतं? एंगेज लागतो. म्हणून फोन बिघडला म्हणायचं का? वायफाय बंद कर, तुझ्या सिमकार्डावरून बघ. म्हणजे तू बाहेरचा होशील."

त्यानं बंद केलं, पाहिलं. "तरी नाही उघडत."

"मग आता आतला पत्ता लाव, वायफायवरून."

भावजयीचा कालचा आवाज खोलीत घुमला. नगरपालिकेच्या नळांची बातमी.

"म्हणजे कॉम्प्युटर बोलतोय," नऊबाई म्हणाल्या. "आमच्या दारापर्यंत कुणी पोचतच नाही. अडवतंय ते दाराच्या बाहेर. बाहेर तुम्ही आहात."

"आमची लाइन ओके आहे," तो म्हणाला. "मला तेवढंच बघायला सांगितलंय." आणि वेटोळं उचलून तो गेला.

तो जिना उतरला असेल-नसेल तोच नऊबाईंच्या फोननं निरोप वाचून दाखवला. आपली तक्रार समाधानकारकरीत्या सोडवण्यात आली आहे, कारण ग्राहकाच्या यंत्रातील दोष, कृपया आमच्या सेवेला तारे द्या. नऊबाईंनी फोन पलंगावर उपडा टाकला. इतक्या वर्षांत बोर्डावर त्यांनी कितीतरी शिव्या ऐकल्या होत्या, पण कुणी त्यांचं न झालेलं काम झालं म्हणून त्यांनाच सांगितलं नव्हतं.

संध्याकाळी भाऊ आला. घरात दोन बायका बोलत नाहीत हे त्याला चपला काढतानाच कळलं असावं. तो नऊबाईंच्या पलंगाच्या कडेला बसला.

"ताई, सोडून दे ना. एवढं काय असतं त्या पेपरात?"

"तू वाचतोस का रोज?"

"वाचत नाही. चाळतो."

"मग आम्हाला पण चाळू दे. तेवढंच मागतेय."

भावाला वाद जमत नसे. लहानपणापासून तो ताईचा राग पंख्यासारखा वापरत आला होता, तो फिरत असताना खाली नुसतं बसायचं.

सकाळी नऊबाईंनी पुन्हा हेल्पलाइनला फोन केला. या वेळी दुसरी मुलगी होती. आवाज थकलेला, थोडा बसलेला. तिनं दिव्याचं विचारलं नाही. नऊबाईंनी सगळं सांगून होईपर्यंत ती मध्ये बोलली नाही, आणि ऐकतेय की नाही असं वाटायला नको म्हणून अधूनमधून "हं" म्हणत होती. नऊबाईंच्या लगेच लक्षात आलं. ही नीट शिकलेली मुलगी होती.

"मॅडम, राउटरचं पान उघडता येतं तुम्हाला?"

"येतं. उघडलंय."

"त्यात बाहेरचा पत्ता म्हणून जो आकडा आहे तो वाचाल का? आणि तुम्ही ज्या संकेतस्थळावर पाहिलात, तिथला पण."

नऊबाईंनी दोन्ही वाचले. वाचता वाचताच त्या थांबल्या. हे दोन आकडे एकच असायला हवे होते. राउटर म्हणत होता माझा बाहेरचा पत्ता हा, आणि जग म्हणत होतं तुझा पत्ता तो.

"दोन्ही सारखे आहेत का, मॅडम?" मुलीनं अगदी सपाट आवाजात विचारलं.

"नाहीत."

"सारखे नाहीत," मुलगी म्हणाली, आणि पुढं काहीच बोलली नाही. ती शांतता जरा जास्त लांबली. मग म्हणाली, "मॅडम, हा कॉल दर्जा तपासण्यासाठी रेकॉर्ड होतोय. मी आपल्याला आणखी काही मदत करू शकते का?"

नऊबाई समजल्या. साहेब खुर्चीत बसलेले असताना "साहेब मीटिंगमध्ये आहेत" असं त्यांनीही हजारदा सांगितलं होतं. सांगताना एक श्वास जास्त घ्यायचा, म्हणजे शहाण्याला कळतं. या मुलीनं तो श्वास घेतला होता.

"नको," त्या म्हणाल्या. "तू पुष्कळ केलंस."

फोन ठेवताना त्यांना सगळं उमगलं. कंपनीनं त्यांच्या बोर्डाच्या वर आपला एक बोर्ड बसवला होता. कितीतरी घरांचा मिळून आता बाहेरून एकच पत्ता दिसत होता, आणि तिथं आलेल्या माणसाला कुठल्या घरी जायचंय हे विचारणारं कुणी नव्हतंच. तिथंच तो परत फिरत होता. न विचारता, न सांगता, एका रात्रीत. आणि वर यंत्रातील दोष म्हणे.

मग दुसरी गोष्ट आठवली आणि राग स्वतःवर उलटला. भावजयीनं धूळ पुसली तो दिवस आणि कंपनीनं हे केलं तो दिवस योगायोगानं एक झाले होते, एवढंच.

भावजय कपडे वाळत घालत होती. नऊबाई दारात जाऊन उभ्या राहिल्या.

"तुझी चूक नव्हती. कंपनीनं केलं ते."

"बरं."

"बोललेच ना तुला. मला राग येतो लवकर."

कपडा झटकल्याचा आवाज आला. "राग फक्त तुम्हालाच येतो का, वन्सं? मी रोज तासभर वाचते. घसा दुखतो तरी वाचते. मध्ये एक उच्चार चुकला की तुम्ही थांबवता आणि परत वाचायला लावता, जसं काही मी परीक्षेला बसलेय. आजवर त्या मास्तरांनी तुमचे आभार मानले असतील. माझं नाव तरी माहीत आहे का त्यांना?"

मास्तर तिला "तुमच्याकडची वाचणारी" म्हणायचे आणि नऊबाईंनी कधी ते दुरुस्त केलं नव्हतं.

"नाही," त्या म्हणाल्या. "सांगितलं नाही मी."

"मग," भावजय म्हणाली आणि पुढचा कपडा घेतला.

दुपारी मास्तरांनी एक योजना काढली. सगळ्या श्रोत्यांनी एकाच वेळी हेल्पलाइनवर तुटून पडायचं. लाइनी तुंबवून टाकायच्या. ते भलतेच खुशीत होते.

"अजिबात नाही," नऊबाई म्हणाल्या. आवाज इतका खाली गेला होता की मास्तरांना दोनदा "काय?" म्हणावं लागलं. "तिथं बसलेल्या पोरींच्या कानावर पडेल ते सगळं. ज्यानं ठरवलं त्याच्या कानावर एक शब्द जाणार नाही. मी बसलेय त्या खुर्चीत, मास्तर. शिव्या नेहमी चुकीच्या एक्स्टेन्शनला येतात. आणि आणखी एक. पेपर वाचते ती माझी भावजय. यापुढं तिला वाचणारी म्हणायचं नाही."

त्यांनी कंपनीच्या मुख्य कचेरीचा नंबर शोधला. यंत्र बोललं, यासाठी एक दाबा, त्यासाठी दोन दाबा. नऊबाईंनी काहीच दाबलं नाही. यंत्रानं सगळा पाढा पुन्हा म्हटला. त्या थांबून राहिल्या. कुणी काहीच दाबलं नाही तर शेवटी कुठंतरी खरी घंटी वाजतेच. ती वाजली गेटवरच्या पहारेकऱ्याच्या टेबलावर.

"जोडणी विभागाच्या मोठ्या साहेबांना द्या," नऊबाई गोड आवाजात म्हणाल्या.

"थेट देता येत नाही, बाई."

"बरोबर आहे, नियम असतो. मग त्यांच्या शेजारच्या टेबलाला द्या."

पहारेकरी हसला. शेजारच्या टेबलावर एक कंटाळलेला कारकून होता. आपल्यावरची बला टळावी म्हणून त्यानं पुढं जोडून दिलं. साहेबांनी स्वतःच फोन उचलला. नऊबाईंनी सगळं थोडक्यात सांगितलं.

"मॅडम, पत्ते कमी पडतात," साहेब समजुतीच्या स्वरात म्हणाले. "बऱ्याच घरांना मिळून एक द्यावा लागतो. घरगुती ग्राहकाला बाहेरून आत कुणी यायची गरज नसते."

"कुणी ठरवलं?"

"म्हणजे, साधारणपणे नसते."

"माझ्याकडे माणसं येतात. रोज. तुम्ही त्यांना रस्त्यावर उभं केलंत, मला सांगितलंही नाहीत."

"नोटीस दिली होती. संकेतस्थळावर आहे अजून."

"मी शोधली. तिथं नुसतं एक चित्र आहे. अक्षरं चित्रात असली तर माझा कॉम्प्युटर ती वाचत नाही. तो फक्त 'चित्र' म्हणतो आणि पुढं जातो. तुम्ही आंधळ्या बाईला चित्र दाखवून कळवलंत."

साहेबांनी वेगळाच प्रश्न विचारला. "पत्ता सामायिक झालाय हे तुम्हाला कुणी सांगितलं? आमच्या हेल्पलाइनवरच्या कुणी?"

नऊबाई सावध झाल्या. "तुमच्याच राउटरनं. त्याला अजून खोटं बोलायला कुणी शिकवलेलं नाही."

"बरं. बघतो मी."

"बघू नका. करा. मी लाइन धरून बसते."

"वेळ लागेल, मॅडम."

"लागू दे. लाइन धरायचाच पगार घेतलाय मी."

साहेबांनी फोन टेबलावर ठेवला. पलीकडे खुर्ची सरकली, कुणाला तरी हाक मारली गेली, कुजबुज झाली. नऊबाई कानाला फोन लावून बसून राहिल्या. साहेब परत आले तेव्हा त्यांचा सूर उतरला होता. विशेष बाब म्हणून स्वतंत्र पत्ता देतोय, ते म्हणाले, राउटर एकदा बंद करून चालू करा.

संध्याकाळी नव्या पत्त्यावर मास्तरांना पेपर लागला. परवाचाच होता, तरी त्यांनी तो शेवटपर्यंत ऐकला. रात्री कंपनीचा निरोप आला की आपल्या विनंतीनुसार सेवेत बदल करण्यात आला आहे.

"विनंती कुठं केली मी?" नऊबाई भावाला म्हणाल्या. "यांनी काढून घेतलं, मी परत आणलं. याला विनंती म्हणतात?"

"झालं ना काम, ताई. आता तरी राग सोड."

"काम झालं म्हणून राग चुकीचा होता असं नाही."

भावजय चार दिवस वाचायला बसली नाही. पाचव्या दिवशी तिनं आपणहून सांगितलं, वाचीन, पण बाहेरच्या खोलीत, दार लावून. मध्ये थांबवायचं नाही. सुरुवातीला माझं नाव मी सांगणार. आणि रविवारी सुट्टी. नऊबाईंनी सगळं मान्य केलं, रविवारचं जरा कुरकुरत. पहिल्याच दिवशी एका गावाचं नाव तिनं चुकीचं वाचलं. दारापलीकडून ते ऐकू आलं तशा नऊबाई पलंगावर मुठी आवळून बसल्या, पण उठल्या नाहीत.

त्यानंतर कितीतरी दिवस त्या मधूनच हेल्पलाइनला फोन करायच्या. ती थकल्या आवाजाची मुलगी लागते का ते पाहायला. ती काही लागली नाही. तिचं नाव त्यांनी विचारलं नव्हतं, आणि तिथं अमुक एका मुलीला द्या म्हणायची सोयच नव्हती. एवढ्या मुली बसवल्यात आणि एकीलाही स्वतःचा नंबर नाही, याचा त्यांना नव्यानं संताप यायचा. दर वेळी कुणीतरी वेगळीच बोलायची.

"काय तक्रार आहे, मॅडम?"

"तक्रार काही नाही."

"मग आणखी काही मदत करू शकते का?"

"नको. तूच जरा पाणी पी," नऊबाई म्हणायच्या. "घसा कोरडा पडलाय तुझा. पुढच्या माणसाला ते गाणं वाजतंय तोवर दोन घोट होतात."